पोटखराब्याची किंमत

एखाद्या ठिकाणाचे नाव काढले, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'तिथे पाहण्यासारखे काय आहे?' देऊळ आहे का, धबधबा आहे का, पॉइंट किती आहेत, जेवणाची सोय कशी आहे? प्रश्नात गैर काही नाही. सुट्टी चार दिवसांची, खर्च बेताबाहेरचा, बरोबर लहान मुले नाहीतर गुडघे दुखणारी माणसे. दमड्या मोजल्यावर डोळ्यांना काहीतरी मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण या 'पाहण्यासारखे'च्या मापाने मोजायला गेले, तर पृथ्वीवरच्या सर्वांत थोर गोष्टींपैकी काहींना शून्य गुण मिळतील. अशा एका शून्य गुणांच्या तळ्यावर मी जाऊन आले. आज त्याविषयी लिहायचे आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या घरच्याही दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ नावाचे शहर आहे. तिथे माझी मुलगी असते. पर्थच्या उत्तरेला दोनशे किलोमीटरच्या सुमारास सर्व्हान्टिस हे कोळ्यांचे छोटे गाव लागते. १८४४ साली इथल्या किनाऱ्याजवळ 'सर्व्हान्टिस' नावाचे व्हेल मारणारे अमेरिकन जहाज फुटले, त्यावरून हे नाव. गाव शेवंडांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच पिवळ्या वाळूत चुनखडकाचे हजारो सुळके उभे आहेत, त्यांना 'पिनॅकल्स' म्हणतात. प्रवाशांच्या बसगाड्या येतात त्या तिथे. आम्हीही आधी तिथेच गेलो, फोटो काढले. मग जावई म्हणाले, "आई, इथून जवळच एक तळे आहे. फारसे कुणी थांबत नाही. पण तुम्हाला बघायला आवडेल."

त्या तळ्याचे नाव लेक थेटिस. खोली जास्तीत जास्त सव्वादोन मीटर. पाणी समुद्राच्या पाण्याहूनही खारट. भोवती खुरटी झुडपे, पांढुरकी माती आणि समुद्रावरून येणारा सोसाट्याचा वारा. तो समुद्रही परका नव्हे, हिंदी महासागरच. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागणारे पाणी हे त्याच महासागराचे. तळ्याच्या कडेने दीडेक किलोमीटरची पायवाट आहे आणि एका बाजूला पाण्यावर नेणारी फळ्यांची वाट. तिच्यावर उभे राहून खाली पाहिले, तर उथळ पाण्यात तपकिरी रंगाचे, वरून चपटे, कडेला भेगाळलेले गोल दगड. शेणाच्या मोठमोठ्या गोवऱ्या पाण्यात मांडून ठेवाव्यात तसे. बस्स. एवढेच.

"अगं, एवढ्यासाठी गाडी वळवली?" आमचे हे म्हणाले.

नातू मात्र कठड्याखालून वाकून पाहत होता. फलक वाचून त्याने विचारले, "आजी, हे जिवंत आहेत? मग हलत का नाहीत?"

प्रश्न नेमका होता. या दगडांना 'स्ट्रोमॅटोलाइट' म्हणतात. अर्न्स्ट काल्कोव्स्की या जर्मन भूशास्त्रज्ञाने १९०८ साली ग्रीक शब्दांवरून हे नाव बनवले. सरळ मराठीत 'थरांचा दगड' म्हणता येईल. हा दगड घडवणारे कारागीर डोळ्यांना दिसत नाहीत. ते सूक्ष्मजीव आहेत, मुख्यतः सायनोबॅक्टेरिया. आपले शेतकरी ज्याला नीलहरित शेवाळ म्हणतात आणि भातखाचरात खत म्हणून सोडतात, त्याच कुळातले. भातशेतीला नत्र पुरवण्यात या शेवाळाचा वाटा मोठा आहे, हे पी. के. डे या भारतीय संशोधकाने १९३९ साली दाखवून दिले होते. म्हणजे ही मंडळी आपल्याही बांधावरची, फक्त आपली ओळख नाही.

हे जीव करतात काय? दुधावर साय धरावी तसा त्यांचा पातळ, चिकट थर खडकावर धरतो. पाण्यातून येणारे वाळूचे बारीक कण त्या चिकट थरावर अडकतात. सूर्यप्रकाशात हे जीव आपले अन्न बनवतात, त्यासाठी पाण्यातला कार्बन डायॉक्साइड ओढून घेतात, आणि त्यामुळे पाण्यात विरघळलेला चुना तिथेच घट्ट होऊन बसतो. कणांखाली गाडले जाऊ नये म्हणून जीव पुन्हा उजेडाकडे, वर सरकतात. नवी साय, नवे कण, नवा चुना. खालचा थर दगड होऊन राहतो. जिवंत असते ती वरची काही मिलिमीटरची साय. बाकी सगळे पूर्वजांचे घर. तेव्हा नातवाला मी सांगितले, की ते हलतात, पण फक्त वरच्या दिशेने आणि आपल्याला दिसणार नाही इतके हळू.

किती हळू? याच किनाऱ्यावर बरेच उत्तरेला शार्क बे नावाचा उपसागर आहे. त्यातल्या हॅमेलिन पूल या खारट आखातात जगातले सर्वांत प्रसिद्ध जिवंत स्ट्रोमॅटोलाइट आहेत, आणि १९९१ पासून तो भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथले दगड वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढतात, असे मोजमाप आहे. मी बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली. कारकून म्हणून लागले, अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तेवढ्या काळात या दगडाची उंची फार तर पावणेदोन सेंटिमीटरने वाढली असेल. बोटाच्या एका पेराहूनही कमी. दक्षिण कोकणात आमच्याकडे पिग्मी ठेवीचे एजंट असत. बाजारातल्या दुकानांतून, हातगाड्यांवरून रोज दोन-पाच रुपये गोळा करून संध्याकाळी भरणा करीत. त्या रकमा पाहून नवे कारकून हसत. वर्षअखेरीला ठेवींचा आकडा पाहिला, की हसू थांबे. लेक थेटिसचे दगड हे त्या पिग्मी ठेवीचे थोरले भावंड आहे. तिथली बचत सुमारे साडेतीन हजार वर्षे चालू आहे. म्हणजे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला माणसे मातीची घरे बांधून जव पिकवीत होती, त्या सुमारास हे खाते उघडले गेले आणि अजून बंद झालेले नाही.

आणि ही तर अगदी अलीकडची शाखा! याच राज्याच्या उत्तर भागातल्या पिलबारा प्रदेशात जे स्ट्रोमॅटोलाइट सापडले आहेत, ते सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीच्या सर्वांत जुन्या खुणांत त्यांची गणना होते. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हते, मासा नव्हता, किडासुद्धा नव्हता. हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. पुढे सायनोबॅक्टेरियांनी सूर्यप्रकाशात अन्न बनवताना टाकाऊ म्हणून जो वायू बाहेर सोडला, तो ऑक्सिजन. सुरुवातीला बराचसा ऑक्सिजन समुद्रातल्या लोखंडाला गंज चढवण्यातच खर्ची पडला. तो गंज तळाशी बसून पट्टेदार लोहखडक तयार झाले. गोव्याच्या खाणीतले लोहखनिज अशाच प्राचीन पट्टेदार खडकांतून आलेले आहे. मुरगाव बंदरातून वर्षानुवर्षे जहाजे भरभरून परदेशी गेलेली ती लाल माती म्हणजे त्या आदिम श्वासांचीच शिल्लक म्हणायची. पुढे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन हवेत साठू लागला, आणि खूप नंतर आपल्यासारख्या श्वास घेणाऱ्यांची सोय झाली. आज हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन आहे. त्या ठेवीतून आपण दर मिनिटाला पंधरा-वीस वेळा पैसे काढतो, आणि खातेदाराचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

मग ही एवढी थोर मंडळी आज चार-दोन खारट डबक्यांतच का उरली? कारण त्यांच्या पुण्याईवर जन्मलेले प्राणीच त्यांना खाऊ लागले. गोगलगायी आणि तत्सम चरणारे जीव आले, त्यांनी ही साय खरवडून फस्त केली. समुद्रातली सगळी चांगली जागा गेली. जिथे पाणी इतके खारट, की चरणाऱ्यांना जगणे कठीण, तिथे हे उरले. लेक थेटिसचा खारेपणा, ज्यामुळे माणसाला ते तळे निरुपयोगी वाटते, तीच त्यांची तटबंदी आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. एखादी जागा आपल्या कामाची नाही, याच कारणासाठी ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची असते.

आता घरची गोष्ट. बँकेत शेतीकर्जाचे टेबल माझ्याकडे काही वर्षे होते. कर्जाचा अर्ज आला, की सोबत सातबारा येई. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळे आणि पोटखराबा वेगळा. पोटखराबा म्हणजे जमिनीतला खडकाळ, पाणथळ, नाल्याखालचा, जिथे पीक निघत नाही असा भाग. कर्जाचा हिशेब लागवडीखालच्या क्षेत्रावर होई. पोटखराब्याला हिशेबात जागा नसे, आणि बँकेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पीककर्ज पिकावर द्यायचे असते. पण एकदा एका शेतकऱ्याने, कातळसड्याचा बराच मोठा तुकडा असलेल्या माणसाने, कागद परत घेताना मला सहज सांगितले होते, "बाईनू, सडो नाय तर बावडेक पाणी नाय." सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो आणि उतारावरच्या विहिरीत उतरतो. त्याची आंब्याची कलमे, ज्यांवर आम्ही कर्ज देत होतो, ती या पोटखराब्याच्या जिवावर उभी होती. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र होता.

सातबाऱ्यावरचा तो शब्द बँकेपुरता राहिला असता, तर तक्रार नव्हती. अडचण अशी, की तो आपल्या मनाचा शब्द झाला आहे. जिथे पीक नाही, इमारत नाही, पाहण्यासारखे नाही, ती जागा 'पडीक'. आणि पडीक म्हटले, की ती काहीही करायला मोकळी. साताऱ्याचे कास पठार हेही एके काळी बहुतेकांच्या लेखी नुसता माळच होता. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेले, तेव्हा आपण फुले पाहायला इतके लोटलो, की फुलांना पायांपासून वाचवायची वेळ आली. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे गावकऱ्यांना ठाऊक होती. बाकीच्यांना ती गेल्या काही वर्षांत दिसू लागली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उघड्या खडकात एवढे असेल, असे कुणाला वाटले होते?

दुसरे टोक आहे 'सुशोभीकरण'. हा शब्द ऐकला, की माझ्या पोटात गोळा येतो. गावचे तळे सुशोभित करायचे म्हणजे काठाची माती काढून काँक्रीटची भिंत घालायची, रंगीत दिवे लावायचे, मधोमध कारंजे आणि बदकाच्या आकाराच्या बोटी. काठाच्या चिखलात जे जगत होते, ते सगळे त्या भिंतीखाली जाते. लेक थेटिस आपल्या ताब्यात असते, तर त्याचे काय झाले असते, हा विचार मला त्या फळ्यांवर उभे असताना सुचला आणि जरा भीतीच वाटली. तिथे काय केले आहे? एक पायवाट, एक फळ्यांची वाट, काही फलक. दगडांवर पाय देऊ नका, एवढी विनंती. भेळ नाही, बोट नाही. आणि मुख्य म्हणजे फलकावर जे लिहिले आहे ते वाचून दहा वर्षांचे पोर वाकून पाहू लागते.

त्यांनी तरी सगळे बरोबर केले आहे, असे मी म्हणणार नाही. हॅमेलिन पूलच्या किनाऱ्यावर पूर्वी लोकरीच्या गाठी गाड्यांतून जहाजांपर्यंत नेत. त्या गाड्यांनी जिवंत थरावर पाडलेल्या चाकोऱ्या आज सुमारे शतकानंतरही तशाच दिसतात. साय भरून आलेली नाही. पर्थच्या दक्षिणेला लेक क्लिफ्टन आहे. तिथे याच जीवांनी बांधलेला, पण थरांऐवजी गुठळ्यांचा, काही किलोमीटर लांबीचा बांध आहे. तो जगतो झिरपून येणाऱ्या गोड्या भूजलावर. त्या प्रदेशात १९७० च्या दशकापासून पाऊस घटत गेला, जमिनीतल्या पाण्यावर ताण आला, आणि तळे अधिकाधिक खारट होत चालले आहे. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने त्या परिसंस्थेची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली आहे. खारटपणा हवा, पण बेताचा. आणि तो बेत राखणारे पाणी जमिनीखालून, दुसऱ्याच कुणाच्या शेताखालून येते. आपल्या विहिरींच्या शेजारी बोअर मारणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

आपल्याकडे लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातले हे उल्काघाती विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काळ्या बसाल्ट खडकात झालेले, आत खारट आणि अल्कधर्मी पाणी. तिथेही खरे यजमान सूक्ष्मजीवच. जून २०२० मध्ये ते पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा घरोघरी चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण त्याआधी कित्येक वर्षे गावाचे सांडपाणी त्या पाण्यात जाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला होता. ज्या पाण्याचा गुण त्याच्या खारेपणात आहे, त्यात बाहेरचे पाणी सोडणे म्हणजे तिथल्या रहिवाशांचे घर मोडणे, हे आपल्याला न्यायालयाकडे गेल्याशिवाय का उमगू नये? 'एवीतेवी ते पाणी पिण्याचे नाही' हा विचार त्याच्या मुळाशी आहे. म्हणजे पुन्हा पोटखराबाच.

राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला आणि चित्तोडगडजवळ भोजुंद्याला प्राचीन स्ट्रोमॅटोलाइटचे खडक आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे. झामरकोटड्याच्या खडकात फॉस्फेट आहे. तो खणून त्याचे खत होते. म्हणजे त्या निर्जीव झालेल्या दगडांनीही शेतकऱ्याला काही दिलेच. चित्तोडचा किल्ला पाहायला आपल्याकडून दरवर्षी किती मंडळी जातात! त्यांतली किती भोजुंद्याला वळतात?

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, मुलगी परदेशी आहे, तुम्हाला दगड सुचतात. गावच्या पोरांना रोजगार हवा, सड्यावर कारखाना आला तर नको का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. कर्जाच्या टेबलावर बसलेल्या बाईला गरिबी काय असते, ते कुणी शिकवावे लागत नाही. प्रत्येक माळ राखावा आणि प्रत्येक खडकाला कुंपण घालावे, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की कर्ज देण्याआधी बँक तारण तपासते, मग जागा मोडण्याआधी समाजाने तिच्यात काय ठेवले आहे ते तपासू नये का? ते तपासायला पैसा फार लागत नाही. गावातला गुराखी, विहीर खणणारा, तालुक्याच्या कॉलेजातला भूगोलाचा किंवा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, यांना एकत्र बसवून 'इथे काय आहे?' एवढे विचारले, तरी निम्मे काम होते. आज आपण प्रश्न विचारतो तो मूल्यांकनाच्या शेवटी, बहुधा आंदोलन उभे राहिल्यावर. तेव्हा दोन्ही बाजूंचे कान बंद झालेले असतात.

आणि जिथे काही आहे असे कळले आहे, तिथे सुशोभीकरणाचा निधी निम्मा करा आणि उरलेल्या निम्म्यात चांगले मराठी फलक लावा, असे मला सुचवावेसे वाटते. चांगले म्हणजे सहावीतल्या मुलाला समजेल असे. 'सदरहू स्थळ संरक्षित असून' छापाचे नकोत. शाळांच्या सहली लोणारला जातात, मुले विवराच्या काठावरून फोटो काढतात, दैत्यसूदनाचे देऊळ पाहतात आणि परततात. त्यांच्या हाती पाचजणांत एक भिंग द्यावे आणि वाहत्या धारेचे गोडे पाणी व सरोवराचे खारे पाणी यांचे दोन थेंब शेजारी ठेवून पाहायला सांगावे. फार काही दिसणार नाही. पण पाण्यात कुणीतरी राहते, एवढे तरी ती मुले घरी घेऊन जातील.

त्यांच्यातला एखादा उद्या तलाठी होईल, एखादी बँकेत अधिकारी होईल, एखादा नगरपालिकेत निवडून येईल. त्यांच्या समोर कधीतरी एक कागद येईल आणि त्यावर 'पडीक' असे लिहिलेले असेल. सही करण्याआधी त्यांनी उठून एकदा ती जागा पाहून यावी, यापलीकडे माझे मागणे नाही.